मोबाइल दुरुस्ती घरी शिकायची तर : पेचकसाआधी मीटर

पऱ्हाटी (आर्णी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. घरी राहून मोबाइल दुरुस्ती शिकता येते का, हा प्रश्न इथे सारखा येतो आणि दोन ओळींत विरून जातो. कोणी व्हिडिओ पाहा म्हणतं, कोणी दुकानात द्या म्हणतं. म्हणून सविस्तर लिहितो. मी शेती करतो आणि जोडीला गावातले फोन पाहतो. दुकान नाही, ओसरीवर टेबल आहे.

खेड्यात फोन बंद पडला की काय काय अडतं ते तुम्हाला माहीत आहे. ई-पीक पाहणी फोनवर, पीएम-किसानची केवायसी ओटीपीवर, आशाताईंच्या नोंदी ॲपवर, पोरांचे निकाल त्यावर. तालुक्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते, वर फोन तिथेच ठेवून यावा लागतो. त्यामुळे गावागावांत दोन-चार जणांच्या हाती हे काम यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शिकणारे मात्र चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. पहिली खरेदी पेचकसाच्या सेटची, पहिलं काम फोन उघडायचं. उघडणं हा त्यातला सोपा भाग आहे. बिघाड कुठे आहे ते न उघडता हुडकणं, हे खरं शिक्षण. ते जमलं की निम्म्याहून जास्त फोन उघडावेच लागत नाहीत.

'चार्ज होत नाही' ही तक्रार घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त हीच येते, आणि दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की तिला पूरच येतो. कारण साधं आहे. फोन वेचणीच्या ओट्यात नाहीतर खिशात असतो, कापसाचा तंतू पोर्टमध्ये जातो आणि आपण रोज पिन घालून तो आत दाबतो. दाबून दाबून पोर्टच्या तळाशी नमद्यासारखी घट्ट चकती बसते. मग पिन पूर्ण आत जात नाही, तिरकी धरली तर चार्ज होतो, सोडली की बंद. माणूस म्हणतो जॅक गेला.

फोन बंद करा, टॉर्चचा नाहीतर दुसऱ्या फोनचा उजेड पोर्टमध्ये पाडा. लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासून घ्या. टाइप-सीच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ पिना असतात. त्या जिभेला धक्का न लावता काडी कडेकडेने, भिंतीला चिकटवून आत न्या आणि बाहेरच्या दिशेने ओढा. पहिल्यांदा थोडी धूळ निघते, मग एकदम चकतीचा तुकडा येतो, राखाडी रंगाचा. तो निघाला की पिन 'टक' करून बसते. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात घालू नका. जीभ वाकली की तिथून पुढे खरा खर्च सुरू होतो.

साफ करूनही होत नसेल तर केबल आणि चार्जर दोन्ही बदलून पाहा. तरीही नाही, मग यूएसबी मीटर लावा. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसतो, किती व्होल्ट आणि किती अँपियर जाताहेत ते दाखवतो, काही शे रुपयांत मिळतो. फोन निम्म्यापेक्षा कमी चार्ज असताना तपासा, कारण भरत आलेला फोन आपोआप कमीच ओढतो. मीटरवर ५ व्होल्ट आहेत पण अँपियर शून्यच, तर दोष पोर्ट किंवा त्याच्या पट्टीकडे (पोर्ट जिच्यावर बसवलेला असतो तो छोटा बोर्ड). एक-दीड अँपियर नीट जातोय आणि तरी टक्के टिकत नाहीत, तर बॅटरीवर संशय घ्या. एवढं समजलं की कोणता पार्ट आणायचा ते ठरलं, आणि तालुक्याची चक्कर वाया गेली नाही.

फोनच्या पोटात स्वतःची तपासणीही असते. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# आणि रेडमी-शाओमीत *#*#६४८४#*#* टाकलं की टच, स्पीकर, माईक, सेन्सर एकेक करून तपासता येतात. (काही मॉडेलवर हे बंद केलेलं असतं.) दुरुस्तीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा चालवायची सवय लावा. आधी काय चालत होतं हे माहीत असलं की नंतर वाद होत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

---

धुऱ्यावरून (तेल्हारा)

भाऊ, झकास लिवलं. मले एक इचारायचं हाये. आमच्या बाबाच्या फोनचं मागचं झाकन वर आलं. दाबलं का बसते, सोडलं का पुन्हा वर. दुकानवाला म्हने बॅटरी फुगली, सातशे रुपये लागतीन. यूट्यूबवर एक पोट्टा चाकूनं काढून दाखवते. मी काढू काय घरी? आन हे फुगते तरी काहून?

---

पऱ्हाटी

दादा, आधी तो फोन चार्जिंगला लावणं बंद करा, आजपासूनच. झाकण दाबून बसवू नका आणि चाकूचं तर नावच काढू नका.

लिथियम बॅटरीत पातळ थर गुंडाळलेले असतात आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट असतं. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा चार्जर खराब असला की त्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकीट बंद असल्याने ती फुगते. आपल्याकडे याला उन्हाची जोड आहे. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहितात, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर असतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटजवळ ठेवलेला, टिनाच्या खाली चार्जिंगला लावलेला, गादीखाली दाबलेला फोन आतून किती तापत असेल ते पाहा.

पाकिटाला भोक पडलं आणि थर एकमेकांना टेकले तर आग लागते. ती पाण्याच्या शिंतोड्याने लगेच आटोक्यात येत नाही, धूरही विषारी असतो. म्हणून फुगलेली बॅटरी हे शिकणाऱ्याचं पहिलं काम नव्हे. तुमच्या बाबतीत सातशे रुपये द्या असंच मी सांगेन. फक्त दुकानदाराला नवीन बॅटरीवरचा मॉडेल नंबर जुनीशी जुळवून दाखवायला सांगा.

न फुगलेली, नुसती टिकत नाही अशी बॅटरी बदलायला नंतर शिकता येईल. त्यात चार गोष्टी पाळायच्या. फोन उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांखाली आणा. सिम ट्रे आधी काढा, नाहीतर झाकणासोबत बोर्डही ओढला जातो. आत गेल्यावर दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. आणि बॅटरी चिकटलेली असेल तर ओढपट्टी (ओढली की गोंद सुटतो ती बॅटरीखालची पट्टी) शोधा; नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद मऊ होऊ द्या. धातूची पट्टी खाली सरकवून उचकटायची नाही.

कनेक्टर काढल्यावर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीची दोन टोकं मोजा. साडेतीन ते सव्वाचारच्या मध्ये आकडा असेल तर बॅटरीत जीव आहे. तीनच्या खाली गेलेली असेल तर ती फार उतरली आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. बॅटरीवर छापलेला ३.८५ व्होल्ट हा सरासरीचा आकडा असतो, पूर्ण भरल्यावर ती त्याहून वर जाते.

काढलेली बॅटरी उकिरड्यावर, चुलीत, भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नका. कोरड्या वाळूच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवा आणि शहरात कोणी गेलं की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्या.

---

बसस्टँडमागे (मोबाइल शॉपी, तालुक्याचं ठिकाण)

मी दुकानवाला. माझी बाजूही येऊ द्या.

पऱ्हाटीभाऊ सांगतात ते बरोबर आहे, पण वाचणारे सगळे एवढं पाळत नाहीत. माझ्या टेबलावर घरी उघडलेले जे फोन येतात त्यांची हालत सांगतो. मागच्या झाकणावर बोटाचा सेन्सर असतो, त्याची पट्टी बोर्डाला जोडलेली असते. झाकण सुटलं की लोक आनंदाने झटका देतात आणि पट्टी फाटते. दुसरं स्क्रूचं. एकाच फोनमध्ये तीन लांबीचे स्क्रू असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला की तो बोर्डाच्या आतल्या थरात घुसतो. बाहेरून काही दिसत नाही, फोन मात्र कायमचा गेला. तिसरं, बॅटरी लावलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर काढणं-घालणं. बॅकलाइटचा सर्किट उडतो, मग नवीन कॉम्बो (टच आणि डिस्प्ले एकत्र असलेला पडदा) टाकूनही पडदा काळाच.

सातशे रुपयांत बॅटरीची किंमत, माझं भाडं, पोऱ्याचा पगार आणि महिनाभरात बिघडली तर बदलून द्यायची जबाबदारी एवढं येतं. लोकांना फक्त बॅटरीची ऑनलाइन किंमत दिसते. घरी शिकावं, माझी हरकत नाही. पण शिकायचं स्वतःच्या जुन्या फोनवर. शेजाऱ्याच्या चालू फोनवर हात साफ करू नका, त्यात त्याचं आख्खं बँक खातं असतं.

---

पऱ्हाटी

दादा, शंभर टक्के. स्क्रूचं तुम्ही सांगितलंत ते सोन्यासारखं आहे, म्हणून माझी पद्धत सांगतो. कागदावर फोनची चौकट काढायची, जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीखाली ठेवायचा. प्रत्येक फोनला नवा कागद. मध्ये लाइट गेली, गाय सुटली, पाहुणे आले, तरी कागद उचलून फडताळात ठेवला की सगळं जागच्या जागी.

बोर्डाच्या कामाला, म्हणजे पॉवर आयसी (वीज सांभाळणारी चिप), रिबॉलिंग (चिप काढून नव्याने बसवणं), जंपर (तुटलेल्या जागी बारीक तार जोडणं) यांना घरी हात लावू नये असं माझंही मत आहे. त्याला मायक्रोस्कोप, हॉट एअर, डीसी सप्लाय लागतो आणि बसलेला हात लागतो. घरचं काम पोर्टची पट्टी, बॅटरी, रिंगर (रिंग वाजवणारा स्पीकर), कॅमेऱ्याची काच आणि जमलंच तर कॉम्बोपर्यंत. त्यापुढे तुमच्याकडेच पाठवतो, काय मोजलं ते चिठ्ठीवर लिहून.

---

बसस्टँडमागे

चिठ्ठी लिहून आलेला फोन मी आधी हातात घेईन. 'पोर्टवर ५ व्होल्ट येतात, शून्य अँपियर, पट्टी बदलून पाहिली' एवढं जरी लिहिलं तरी माझा अर्धा तास वाचतो, मजुरी त्या हिशेबाने कमी लावता येते.

---

संत्रा_बाग (वरुड)

धागा पूर्ण वाचला. मला वेगळ्या कारणाने शिकायचं आहे.

आमच्या बचत गटात बहुतेकींकडे स्वतःचा फोन आहे. बिघडला की दुकानात द्यायला बायका तयार नसतात. फोटो असतात, व्हॉट्सॲप असतं, आणि दुकानदार लॉक सांगा म्हणतो. मग नवरा किंवा मुलगा घेऊन जातो, नाहीतर फोन तसाच कपाटात पडतो. एका ताईंचा फोन नुसता आवाज येत नाही म्हणून कित्येक महिने बंद होता. गावातच एखादी बाई हे काम करत असेल, समोर बसवून दुरुस्त करून देत असेल, तर किती फरक पडेल!

पऱ्हाटीदादा, मी बारावी कला शाखेची. विजेचं काही शिकलेले नाही. जमेल का? आणि दुकानात फोन द्यावाच लागला तर लॉक सांगणं टाळता येतं का?

---

पऱ्हाटी

ताई, जमेल. ज्यांनी शिवणयंत्राची गाठ सोडवली आहे त्यांचा हात यात बसतो. नजर आणि धीर लागतो, पदवी लागत नाही. व्होल्ट, अँपियर, ओहम या तीन गोष्टींचा अर्थ आणि मीटर कसा धरायचा, एवढं विजेचं ज्ञान सुरुवातीला पुरतं.

आवाजाबद्दल : रिंगरच्या जाळीत पीठ, तेलकट धूळ आणि घाम मिळून थर बसतो. कोरडा मऊ ब्रश, फोन पालथा धरून. ओला करू नका, फुंकू नका. तोंडाची वाफ आत जाते.

लॉकचं : सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत 'मेंटेनन्स मोड' आहे आणि गूगल पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो चालू केला की दुकानदाराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज, ॲप दिसत नाहीत. बाकी फोनांत हे नसेल तर बॅकअप घ्या, सिम आणि कार्ड काढून घ्या. पोर्ट, बॅटरी किंवा कॉम्बो बदलायला पासवर्ड लागत नाही. तपासणी तुमच्यासमोर करून घ्या, लॉक स्वतः उघडून द्या. आणि तुम्ही स्वतः काम सुरू केलंत की हाच नियम लावा : फोनवाली समोर बसलेली असेल तरच फोन उघडायचा. लोक याचसाठी तुमच्याकडे येतील.

---

झाडीपट्टी (मूल, चंद्रपूर)

आमच्याकडे धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत फोन बांधीत पडणं नेहमीचं. घरोघरी एकच उपाय : तांदळाच्या डब्यात पुरा. तांदूळ तर आमच्याकडे पोत्यांनी आहे, पण फोन दोन दिवस चालतो आणि आठवड्यात मरतो. असं का होतं?

---

बसस्टँडमागे

हे मी सांगतो, पावसाळ्यात माझं अर्धं काम हेच असतं.

तांदूळ बाहेरची ओल थोडी शोषेल. बोर्डावर शील्डच्या (धातूच्या झाकणाच्या) खाली, आयसीच्या पायाशी जे पाणी शिरलं ते तांदूळ ओढू शकत नाही. उलट तांदळाची भुकटी पोर्टमध्ये जाते. आणि बांधीतलं पाणी म्हणजे गाळ, खत, क्षार. पाणी वाळतं पण क्षार तिथेच राहतात. हवेतली ओल लागली आणि बॅटरीचा करंट मिळाला की गंज चढतो, हिरवट-पांढरी बुरशी दिसते तशी. म्हणून फोन आधी चालतो आणि मागून मरतो. तुम्हाला वाटतं तांदळाने वाचवला होता.

करायचं असं. पाण्यातून काढल्याबरोबर बंद करा, चालू आहे का म्हणून बघू नका. चार्जिंगला लावू नका. सिम ट्रे काढा, कापडाने पुसा. ड्रायरची गरम हवा मारू नका, पाणी आणखी आत जातं. मग शक्य तितक्या लवकर कोणीतरी फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला पाहिजे. इथे तास मोजावे लागतात. बॅटरी सुटली की गंज मंदावतो. नंतर बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश मारून धुवायचा. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, पहिल्यात पाणी असतं, दुसऱ्यात बहुधा ग्लिसरिनही असतं.

सिम ट्रेच्या खाचेत किंवा आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल-गुलाबी होतो. तो लाल असेल तर वॉरंटी गेली म्हणून समजा, पण फोन गेला असं नाही.

---

झाडीपट्टी

म्हणजे गावात बॅटरीचा कनेक्टर काढता येणारा एक माणूस असला तरी पुष्कळ फोन वाचतील. हे आमच्या ग्रामपंचायतीच्या गटावर टाकतो. धन्यवाद दादा.

---

मूळगाव_वाशीम (सध्या पुणे)

एक वेगळा मुद्दा जोडतो. आपण एवढी मेहनत घेतो ती फोन मुळात बंद करून विकल्यामुळे. पूर्वी नखाने झाकण काढून बॅटरी बदलत होतो, आता गोंद. हे बदलावं म्हणून जगभर खटपट चालू आहे. अमेरिकेत आयफिक्सिट २००३ पासून दुरुस्तीची सचित्र पुस्तिका फुकट देत आहे. भाषा इंग्रजी असली तरी फोटो एवढे स्पष्ट आहेत की मॉडेलचं नाव टाकलं की स्क्रू कुठे आहेत ते कळतं. ॲपलने एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेत ग्राहकांना सुटे भाग आणि माहिती द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची माहिती तिथे एकत्र असावी असा हेतू आहे. माझं म्हणणं एवढंच, की वॉरंटी संपली की मालकाला कंपनीकडून पार्ट मागायचा हक्क वाटला पाहिजे. आपण मागतच नाही.

---

पऱ्हाटी

मागितलंच पाहिजे. आज गावातून अस्सल पार्ट मिळवणं हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. नागपूरला सीताबर्डीत मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानांत सगळं मिळतं, पण प्रत कोणती ते पारखावं लागतं. कॉम्बोचं विशेष सांगतो. मूळ पडदा ओएलईडीचा असेल आणि तुम्हाला स्वस्तात एलसीडीचा कॉम्बो दिला, तर पडद्याखालचा बोटाचा सेन्सर चालणार नाही, कडा जाड दिसतील. दुकानदाराला सरळ विचारा, मूळचा प्रकार आहे की बदललेला. आणि गोंद लावण्याआधी कॉम्बो नुसता जोडून, फोन चालू करून, टचचे चारही कोपरे तपासा. गोंद लागला की परत घेत नाहीत.

---

धुऱ्यावरून

बाबाचा फोन दुकानात देल्ला, बॅटरी नवी बसली. आता मले शिकाचंच हाये. घरी दोन जुने फोन पडले हायेत. सामान काय काय घेऊ? अन डाग द्याले कधी शिकू?

---

पऱ्हाटी

एकदम मोठा सेट घेऊ नका. साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशेत येतो, तो पहिला. यूएसबी मीटर दुसरा. मग बारीक पेचकस : बहुतेक अँड्रॉइडला बारीक फुलीचा लागतो, आयफोनला खालच्या दोन स्क्रूंसाठी पाच पाकळ्यांचा आणि आत तीन पात्यांचाही. पेचकस चुंबकाचा आणि टोक कडक पोलादाचं घ्या, मऊ टोकाने स्क्रूची फुली घासून जाते. प्लॅस्टिकच्या उघडणी पट्ट्या, वाकड्या टोकाचा चिमटा, ९९ टक्केवालं अल्कोहोल, बी-७००० गोंद. झाकण मऊ करायला हॉट प्लेट नको, शेकायची गरम पाण्याची पिशवी कडेवर काही मिनिटं ठेवली तरी गोंद सुटतो, आणि बॅटरी फार तापत नाही. प्लॅस्टिकचं, नुसत्या खटक्यांचं झाकण असेल तर तेही लागत नाही.

टेबलावर सुती कापड घाला, अंगात सुतीच कपडे ठेवा. हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत नायलॉन-टेरिकॉट अंगाला घासून स्थिर वीज तयार होते, ती आयसी मारते. काम सुरू करताना जमिनीत गेलेल्या लोखंडाला, हातपंपाला म्हणा, हात लावून या.

डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, फोनवर शिकू नका. भंगारवाल्याकडून मेलेला रेडिओ, चार्जर, सेटटॉप बॉक्सचा बोर्ड घ्या. त्यावरचे पार्ट काढा आणि परत बसवा. शिसं-कथिलाची ६३/३७ची तार १८३ अंशांवर वितळते. फोनच्या बोर्डावरचा बिनशिशाचा डाग २१७च्या पुढे. म्हणून सोल्डरिंग आयर्न ३२०-३५० अंशांवर ठेवून, फ्लक्स (डाग नीट पसरावा म्हणून लावायचा लेप) लावून, पटकन टेकवून उचलायचं. तार आयर्नवर वितळवून नेऊ नका. जिथे डाग द्यायचा ती जागा आधी तापवा, तार तिथे टेकवा. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला तर बसला, मळकट गोळा दिसला तर परत करा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, जेवणाआधी साबणाने हात धुवा, लेकरांना दूर ठेवा. शिसं आहे ते.

दोन्ही जुने फोन आधी नुसते उघडा आणि बंद करा, काही दुरुस्त न करता. बंद केल्यावर चालू झाले पाहिजेत.

---

संत्रा_बाग

आमच्या गटातल्या एका ताईंनी सांगितलं की जिल्ह्याला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, मोबाइल दुरुस्तीचा वर्ग असतो. कोणाला माहिती?

---

मूळगाव_वाशीम

हो. आरसेटी ग्रामविकास मंत्रालयाच्या योजनेतून, बँकांच्या मार्फत चालतात. मोबाइल दुरुस्तीचा अभ्यासक्रम ३० दिवसांचा, मोफत, राहण्या-जेवणासह. पुढे कर्जाच्या अर्जालाही मदत करतात. प्रत्येक तुकडीत हाच विषय असेल असं नाही, म्हणून फोन करून नाव आधी नोंदवून ठेवा. गटातल्या पाच-सात जणींनी एकत्र नावं दिली तर चांगलं.

---

बसस्टँडमागे

कामाला लागण्याआधी कायद्याचं सगळ्यांनी ऐकून ठेवा, कारण खेड्यातल्या पोरांना यात फसवतात.

आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बदलणं हा गुन्हा आहे. २०१७च्या नियमांपासूनच बंदी आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. कोणी कितीही पैसे दिले तरी हात लावू नका. गूगल खात्याचं लॉक काढून द्या म्हणून कोणी आला तर बिल आणि डबा मागा. नसेल तर परत पाठवा. संशय आला तर *#०६# टाकून आयएमईआय पाहा आणि संचार साथी पोर्टलवर तपासा, फोन काळ्या यादीत असला तर कळतं. हप्त्याच्या फोनवर फायनान्स कंपनीचं लॉक असतं, तेही तोडून द्यायचं नाही. आणि दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक फोनचं नाव, मॉडेल, आयएमईआय, तक्रार एका वहीत लिहा, घेताना सही घ्या.

---

संत्रा_बाग

एक सांगायला आले. सासूबाईंच्या फोनला मीटर लावला : ५.१ व्होल्ट, ०.०० अँपियर. दोन केबल, दोन चार्जर पाहिले. पोर्ट साफ केलं, तेच. पट्टी मागवली, मॉडेल नंबर जुळवून. कागदावर स्क्रू लावले, सिम ट्रे आधी काढला, बॅटरी सोडली, पट्टी बदलली. आता मीटरवर १.४ अँपियर दिसतात आणि फोन भरतोय! मुलगी शेजारी बसून कागद धरत होती, तिलाही सगळं समजलं.

पण दोन गोष्टी झाल्या. नेटवर्कच्या काड्या कमी दिसतात, आणि समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो. पट्टी खराब आली का?

---

पऱ्हाटी

ताई, मनापासून अभिनंदन. पट्टी बहुतेक चांगली आहे, परत उघडून दोन जागा पाहा.

नेटवर्क : बोर्डापासून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक काळी किंवा पांढरी वायर जाते, टोकाला गोल सोनेरी बटण असतं. ती अँटेनाची वायर. तिचं टोक पट्टीवरच्या गोलावर नीट बसलेलं नसेल. बटण गोलाच्या बरोबर वर ठेवा, हलवून मध्य सापडला की नखाने सरळ दाबा, बारीक 'टिक' होते. तिरकं दाबू नका, टोक चेपतं.

आवाज : माईक त्या पट्टीवरच असतो आणि त्यावर छोटी रबराची टोपी असते, मध्ये भोक असलेली. नवीन पट्टीसोबत ती बऱ्याचदा येत नाही. जुन्या पट्टीवर पाहा, तिथेच राहिली असेल. ती काढून नव्या माईकवर बसवा, टोपीचं भोक आणि फोनच्या खालच्या कडेचं भोक एका रेषेत आलं पाहिजे. मग तपासणीच्या कोडने माईक रेकॉर्ड करून ऐका. दोन्ही करून झालं की इथे कळवा. तरीही आवाज दबकाच आला तर फोनच्या खालच्या कडेचा जवळून फोटो टाका.